पिशवी नंबर १३७

माझी पहिली जुनी गाडी मी कधीच जोडू शकलो नाही. ती मला खोललेलीच मिळाली होती. बॉडी एकीकडे, इंजिन दुसरीकडे आणि सोबत सोळा खोकी. त्यांतल्या सात खोक्यांवर एकच शब्द होता: ‘किरकोळ’. आधीच्या मालकाने एकही वस्तू फेकली नव्हती, सगळं मायेने कागदात गुंडाळून ठेवलं होतं. पण कुठला बोल्ट कुठला, हे फक्त त्याला ठाऊक होतं, आणि गाडी विकेपर्यंत तोही विसरला होता. दीड वर्ष मी त्या खोक्यांसमोर बसलो. शेवटी गाडी जशी आली होती तशीच दुसऱ्याच्या हवाली केली. त्या दिवशी वाटलेलं वाईट अजूनही आठवतं.

दुसरी गाडी घेतली तेव्हा एक गोष्ट मनाशी पक्की केली. ही गाडी खोलणारा मी आणि ती जोडणारा मी, ही दोन वेगळी माणसं आहेत. मधे पत्र्याचं काम, रंग, प्लेटिंग (म्हणजे बोल्टांना गंजू नये म्हणून धातूचा मुलामा), सुटे भाग मिळवणं यात वर्षं जातात. जोडणाऱ्याला यातलं काहीही आठवणार नाही. म्हणून खोलणाऱ्याचं अर्धं काम पाना चालवायचं आणि अर्धं काम त्या दुसऱ्या माणसासाठी लिहून ठेवायचं.

गाडी होती १९५९ ची ब्रिटिश मॉरिस मायनर १०००, दोन दारांची, ९४८ सीसी इंजिनाची. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही गाडी १९४८ साली बाजारात आली. उत्पादन सुरू व्हायच्या थोडं आधी त्यांना ती अरुंद वाटली, म्हणून नमुन्याची गाडी मधोमध उभी कापून चार इंचांनी रुंद केली. बॉनेटच्या मध्यावर जी सपाट पट्टी दिसते ती त्या चार इंचांची खूण. बॉनेट काढताना मी त्या पट्टीवरून बराच वेळ हात फिरवला होता.

खोलण्याआधी महिनाभर मी ती गाडी नुसती चालवली. हे करावं असं मी प्रत्येकाला सांगतो, आणि बहुतेकांना तेवढा धीर नसतो. कुठला गिअर सुटतो, ब्रेक मारल्यावर गाडी कुठे ओढते, कुठलं दार लोंबतं, थंड इंजिन कसा आवाज करतं आणि गरम झाल्यावर कसा, हे सगळं वहीत उतरवलं. एकदा गाडी खोलली की हे प्रश्न विचारायला कुणी उरत नाही. दुसरा गिअर सुटतो हे लिहिलेलं होतं म्हणूनच पुढे गिअरबॉक्स उघडला. नाहीतर बाहेरून पुसून तसाच बसवला असता.

मग मापं. मायनरला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. दारांखालच्या पत्र्याच्या पेट्या आणि जमिनीचा पत्रा गंजला होता, तो कापावा लागणार होता. आधार न देता तो कापला तर बॉडी खाली बसते आणि नंतर दारं लागत नाहीत. म्हणून दारं जागेवर असतानाच त्यांच्या भोवतीच्या फटी मोजल्या. त्यासाठी ड्रिलच्या बिटा वापरल्या: चार मिलिमीटरची बिट आत जाते, साडेचारची जात नाही, म्हणजे फट चार. प्रत्येक दाराला आठ ठिकाणी मापं घेतली आणि दाराचं चित्र काढून त्यावर लिहिली. बिजागरीभोवती टोकदार सुईने बारीक रेघ ओढून ठेवली. त्यानंतरच दारांच्या चौकटीत लोखंडी आडवे बार वेल्ड केले.

नंबर घालायची पद्धत मला दोनदा बदलावी लागली. सुरुवातीला पिशवीवर नाव लिहायचो: ‘पुढचा मडगार्ड, वरचे बोल्ट’. तिसऱ्याच दिवशी तीन पिशव्यांवर जवळजवळ तेच नाव होतं. मग विभाग पाडले, इंजिनला एक अक्षर, पुढच्या सस्पेन्शनला दुसरं. तेही अडलं, कारण रेडिएटरला धरणारी पट्टी इंजिनची की बॉडीची, हे ठरवण्यात वेळ जायचा आणि दर वेळी उत्तर वेगळं यायचं. शेवटी सरळ चढता नंबर ठेवला. पहिली पिशवी १, दुसरी २. हात ग्रीसने भरलेले असताना विचार करावा लागू नये एवढंच बघायचं होतं. बाकी सगळं वहीत.

वही माझ्या मुलीने लिहिली. ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि तिचे हात स्वच्छ असायचे. वहीत रकाने होते: नंबर, तारीख, वस्तू, कुठून काढली, बाजू, नग किती, अवस्था आणि शेवटी ‘आधी-नंतर’. हा शेवटचा रकाना तिनेच काढला. मी म्हणालो, “लिही, ब्रेकचा पाइप, इथून.” तर ती म्हणाली, “बाबा, ‘इथून’ म्हणजे कुठून? आणि हे काढायच्या आधी काय काढलंस?” पुढे या प्रश्नाने किती वेळा वाचवलं हे मोजलेलं नाही. गाडीचा भाग कुठे बसतो हे पुस्तकांत आणि चित्रांत बऱ्याचदा सापडतं. कशानंतर बसतो हे क्वचितच सापडतं.

डावं-उजवं हीही एक घोळाची जागा. पहिल्या आठवड्यात मी गाडीसमोर उभा राहून ‘डावा दिवा’ म्हणत होतो आणि सीटवर बसून ‘डावं दार’. दोन्ही डाव्या बाजू एकमेकींच्या उलट. मग वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं: बाजू नेहमी ड्रायव्हरच्या सीटवर बसून समोर बघताना. त्याआधीच्या सगळ्या नोंदी पुन्हा गाडीशी ताडून पाहिल्या. अकरा नोंदी चुकलेल्या निघाल्या.

लिहायचं कशाने, यालाही महत्त्व आहे. मार्करची शाई ‘पक्की’ म्हणून विकली जाते, पण पेट्रोल, थिनर किंवा ब्रेक ऑइल लागलं की पुसून जाते. माझ्या दहा-बारा पिशव्या अशा कोऱ्या झाल्या. एका पिशवीत थेंबभर ब्रेक ऑइल राहिलं होतं, तेवढं पुरलं. त्यानंतर जाड कागदाच्या पट्ट्यांवर शिसपेन्सिलीने लिहिलं आणि पट्टी पिशवीच्या आत टाकली. पेन्सिलीचं लिहिलेलं तेलाने भिजलं तरी वाचता येतं. मोठ्या भागांना हीच पट्टी सुतळीने बांधली. चिकटपट्टी कुठेच वापरली नाही, कारण सहा महिन्यांत तिचा गोंद सुकतो आणि पट्ट्या खोक्याच्या तळाशी गळून पडतात. मग एकीकडे नावं असतात, दुसरीकडे वस्तू.

फोटो भरपूर काढले, दोन हजारांच्या वर. पण नुसते फोटो असून भागत नाही, हवा तो सापडायला हवा. म्हणून प्रत्येक फोटोत नंबरची चिठ्ठी दिसेल अशी ठेवायचो. एक फोटो लांबून, म्हणजे गाडीतली जागा कळावी. एक जवळून, हात लावण्याआधी. एक बोल्ट अर्धा बाहेर आल्यावर, म्हणजे वायसर कुठल्या क्रमाने होते ते दिसावं. आणि हे सगळं साफ करायच्या आधी. जुन्या रंगावर वायसरची गोल सावली असते, मळाची रेघ असते, घासलेली चकाकी असते. पट्टी कुठल्या बाजूने बसली होती, रबर होतं की नव्हतं, हे तीच सांगते. रॉकेलच्या ब्रशाने दोन मिनिटांत हा पुरावा जातो. स्वच्छ करायची घाई मला आवरावी लागली, कारण स्वच्छ भाग बघायला फार छान वाटतं.

जिथे एकाच झाकणाला वेगवेगळ्या लांबीचे किंवा जाडीचे बोल्ट असतात, तिथे पिशवी उपयोगाची नाही. टायमिंग चेनच्या झाकणाला दोन मापांचे बोल्ट आहेत. पुठ्ठ्यावर झाकणाची आकृती काढली, भोकं पाडली आणि ज्या भोकातून जो बोल्ट निघाला तो त्याच भोकात खोचला. शक्य तिथे याहून सोपं केलं: भाग काढला की बोल्ट परत त्याच्याच जागी दोन आटे फिरवून ठेवले.

आट्यांबद्दल थोडं सांगायलाच हवं. या गाडीवर बहुतेक बोल्ट इंची मापाचे, यूएनएफ (बारीक आट्यांचं एक ठरलेलं इंची माप) आट्यांचे आहेत. लुकास कंपनीच्या विजेच्या वस्तूंवर बीए (छोट्या स्क्रूंचं जुनं ब्रिटिश माप) आट्यांचे बारीक स्क्रू, कार्ब्युरेटरवर आणखी वेगळे. त्यात साठ वर्षांत कुणीकुणी हाताला लागेल तो बोल्ट घातलेला असतो. पाच षोडशांश इंचाचा यूएनएफ बोल्ट ७.९४ मिलिमीटर जाड असतो आणि आठ मिलिमीटरचा मेट्रिक बोल्ट डोळ्यांना अगदी तसाच दिसतो. पण पहिल्याला इंचात २४ आटे, म्हणजे एका आट्याचं अंतर जेमतेम १.०६ मिलिमीटर, आणि दुसऱ्याचं १.२५. दोन-तीन फेरे तो बिनतक्रार जातो, मग अडतो, मग जोर लावला की आटे जातात. म्हणून आट्यांचा गेज जवळ ठेवला आणि संशयास्पद प्रत्येक बोल्ट मोजून नोंदवला. चुकीचे निघालेले बोल्टही त्याच पिशवीत ठेवले, ‘हा बदलायचा’ अशी चिठ्ठी लावून. तुटलेले बोल्टसुद्धा. तुटका बोल्ट निदान आपली जाडी आणि आटे सांगतो, रिकामी पिशवी काहीच सांगत नाही.

इंजिनात तर क्रम चुकला की नुकसानच. कॅमशाफ्ट फिरतो तसे टॅपेट वर-खाली होतात आणि पुशरॉडमार्फत व्हॉल्व्ह उघडतात. टॅपेट आणि कॅमशाफ्ट वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून जुळलेले असतात. ते पुन्हा वापरायचे तर प्रत्येक टॅपेट त्याच्याच घरात गेला पाहिजे. आठ टॅपेट, आठ पुशरॉड. लाकडी फळीला आठ खाचा केल्या, एका टोकाला ‘रेडिएटर’ लिहिलं, कारण एक नंबरचा सिलिंडर त्या बाजूला असतो. मेन बेअरिंगच्या तीन टोप्या आणि कनेक्टिंग रॉडच्या टोप्या जागेवर बसवूनच गोल कापलेल्या असतात, त्यांची अदलाबदल चालत नाही. त्यांच्यावरच्या खुणा बघितल्या, फोटो काढले आणि प्रत्येक टोपी तिच्याच रॉडला हाताने आवळून ठेवली. इंजिनाचं काम मी मुद्दाम सकाळी केलं. संध्याकाळी थकलेल्या हाताने फळी कलंडली असती तर कुठला टॅपेट कुठला, हे कळलं नसतं.

पुढच्या सस्पेन्शनला उभी स्प्रिंग नाही. लांब टॉर्शन बार असतात, ते पिळवटून गाडीचं वजन तोलतात. बार सोडवण्याआधी त्यावरचा ताण जॅकने काढून घ्यावा लागतो, इथे घाई म्हणजे हात गमावणं. डावा बार डाव्यालाच आणि उजवा उजव्यालाच परत गेला पाहिजे, कारण तो एका दिशेने पिळला गेलेला असतो. खूण करायला पंच मारायचा नाही. बारीक खाच पडली तरी बार पुढे तिथेच तुटू शकतो. मी रंगाच्या ठिपक्यांनी खुणा केल्या: डाव्याला एक, उजव्याला दोन. स्विव्हल पिनचं, म्हणजे जिच्यावर पुढचं चाक वळतं त्या पिनेचं, तसंच. एका बाजूच्या पिनेला उलटे आटे असतात, ते लक्षात आलं नाही तर माणूस चुकीच्या दिशेने जोर लावत बसतो.

वायरिंगला सगळ्यात जास्त वेळ दिला. लुकासच्या रंगांची पद्धत समजली की अर्धी भीती जाते: तपकिरी वायर बॅटरीकडून थेट, पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी त्यापुढे फ्यूजमधून आलेली, काळी अर्थ. हेडलाइटच्या निळ्या, साइडलाइटच्या लाल. पण तेलाने आणि उष्णतेने सगळ्याच वायरी मातकट झाल्या होत्या. तपकिरी, लाल आणि काळी ओळखू येत नव्हत्या. मग युक्ती सापडली: टोकाला रबरी बाही असते, ती मागे सरकवली की आतला बोटभर भाग अजून मूळ रंगाचा असतो. प्रत्येक वायरीला दोन चिठ्ठ्या बांधल्या, एक वायरीच्या टोकाला आणि तोच नंबर ती जिथून निघाली त्या टर्मिनलला. डायनॅमोच्या दोन वायरींना, रेग्युलेटरच्या पाच टोकांना, सेमाफोर इंडिकेटरला. ही गाडी १९५९ ची, त्यामुळे दाराच्या मागच्या खांबातून बाहेर येणारे ते छोटे पिवळे हात तिला अजून आहेत, आणि त्यांची वायर खांबाच्या आतून जाते. ती ओढण्याआधी तिच्या टोकाला दोरा बांधला, म्हणजे वायर बाहेर आली तरी दोरा आत राहिला. नवी वायर त्याच दोऱ्याने जाणार होती.

सगळं हार्नेस, म्हणजे वायरींचा एकत्र बांधलेला जुडगा, न कापता, अखंड बाहेर काढलं. प्लायवूडच्या मोठ्या तुकड्यावर ते गाडीत होतं त्याच आकारात पसरलं, फाट्यांच्या जागी खिळे ठोकले आणि पेन्सिलीने बाहेरची रेघ काढली. बॅटरीच्या पट्ट्यावर वेगळी लाल चिठ्ठी लावली: ‘पॉझिटिव्ह अर्थ’. या गाडीत बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते, आणि नव्या गाड्यांच्या सवयीचा हात ती हमखास उलटी जोडतो.

एक चूक मात्र झालीच. एका संध्याकाळी पाहुणे यायचे होते, म्हणून डॅशबोर्डखालचा कप्पा काढून त्याचे स्क्रू खिशात टाकले आणि आत गेलो. ते स्क्रू कुठे गेले कळलं नाही. अडीच वर्षांनी तो कप्पा बसवताना त्याच्या मागची एक छोटी वाकडी पट्टी कशी लागत होती, हे शोधण्यात माझे दोन शनिवार गेले. त्या संध्याकाळनंतर नियम केला: कामाचा शेवटचा अर्धा तास फक्त पिशव्यांसाठी. टेबलावर रात्री एकही सुटा बोल्ट राहता कामा नये. त्यासाठी मधेच थांबावं लागलं तरी चालेल.

प्लेटिंगला दिलेला पहिला गठ्ठा एकत्र होऊन आला. पिशव्यांवरचे नंबर, चिठ्ठ्या सगळं बाजूला आणि दोनशेवर बोल्ट-नट एका बादलीत. दोष माझाही होता, मी पिशव्याच देऊन आलो होतो. वाचलो ते एकाच कारणाने. पाठवण्याआधी सगळे बोल्ट चौकटी आखलेल्या कागदावर ओळीने मांडून, बाजूला मोजपट्टी ठेवून फोटो काढला होता आणि नग मोजले होते. तीन संध्याकाळी लागल्या. पुढच्या वेळी एकेका पिशवीतले बोल्ट तांब्याच्या तारेत ओवले, तारेला पितळी बिल्ला आणि बिल्ल्यावर ठोकलेला नंबर. ज्या बोल्टांवर जास्त ताण येतो ते प्लेटिंगला दिलेच नाहीत. प्लेटिंगमध्ये पोलादात हायड्रोजन शिरतो आणि नंतर नीट भाजलं नाही तर असा बोल्ट ठिसूळ होऊन तुटू शकतो.

जागेबद्दल कुणी आधी सांगत नाही. खोललेली गाडी उभ्या गाडीच्या तिपटीने जागा खाते. काचा उभ्या ठेवायच्या, मडगार्ड टांगायचे, आणि जुने भाग नवे बसून चालेपर्यंत फेकायचे नाहीत. नवा रबरी भाग पिशवीतून निघाला की आधी जुन्याशेजारी ठेवून बघायचा. तीन वेळा नवा भाग वेगळ्याच मॉडेलचा निघाला आणि ते फाटक्या जुन्या रबरामुळेच कळलं. जुन्या ब्रेक शू मात्र लगेच ओल्या करून बंद पिशवीत घातल्या. त्यांच्या लायनिंगमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असू शकतं, ती धूळ हवेने उडवायची नाही.

जोडणी सुरू झाली तेव्हा मुलगी चौदा वर्षांची होती. वहीतलं अक्षर आता तिचंच तिला परकं वाटत होतं. बॉडी रंगून आली होती, गाडी लोखंडी घोड्यांवर (टेकूंवर) उभी. मी आधी पुढचं सस्पेन्शन घ्यायचं ठरवलं, कारण चाकांवर उभी असलेली गाडी बघायची मला ओढ लागली होती. उजवा टॉर्शन बार, दोन ठिपक्यांचा, ग्रीस लावून हातात घेतला होता. ती वही चाळत होती.

“बाबा, १३७ काढलीस का?”

१३७ मध्ये ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचे दोन लांब बोल्ट होते. मायनरचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, बॉडीच्या तुळईत बसतो, आणि टॉर्शन बार त्याच्या शेजारून जातो. पिशवीतली पट्टी तेलाने पिवळी झाली होती. तिच्यावर तेव्हाच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: ‘बोल्ट बाहेर येत नव्हते, बार मधे येत होता. आधी बार काढला. बसवताना हे आधी, बार नंतर.’

मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. बार परत फळीवर ठेवला आणि आम्ही दोघं मास्टर सिलिंडर शोधायला मांडणीकडे गेलो.